गन शोला पहिल्यांदा जाताना : अमेरिकेतील मराठी माणसासाठी

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात एक्स्पो स्क्वेअर नावाचे प्रदर्शन-मैदान आहे. तेथे तेलविहिरीवरच्या कामगाराचा ७५ फुटी सोनेरी पुतळा उभा आहे. वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, त्याच्या मागच्या प्रचंड दालनात बंदुकांचा बाजार, म्हणजेच गन शो, भरतो. टेबलांची संख्या ४,००० च्या वर असते. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकले तेव्हा मला पुण्याची तुळशीबाग आठवली : तीच खांद्याला खांदा लागणारी गर्दी, तीच घासाघीस, तेच ‘हातात घेऊन बघा तरी’ म्हणणारे विक्रेते. फरक इतकाच, की तुळशीबागेत वस्तू हातात घेतली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. येथे मात्र, त्या वेळी माझ्याकडे असलेल्या व्हिसावर, मी ठरू शकलो असतो. मला हौसेने घेऊन गेलेल्या सहकाऱ्याला याची कल्पना नव्हती. मलाही ती आदल्या रात्रीच आली होती.

म्हणून या लेखाची सुरुवात तिकिटापासून किंवा पार्किंगपासून न करता व्हिसापासून करतो.

आपला व्हिसा कोणता, हे आधी पाहावे

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमध्ये, ज्यांनी बंदूक किंवा काडतुसे बाळगू नयेत अशा व्यक्तींची यादी दिलेली आहे. १९९८ मध्ये या यादीत नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर देशात आलेल्यांची भर पडली. नोकरीचे एच-१बी आणि एल-१, एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि आपले आईवडील ज्यावर नातवंडांना भेटायला येतात तो बी-२, हे सगळे व्हिसा यात मोडतात. येथे दहा वर्षे नोकरी केली, कर भरला, घर घेतले, तरी व्हिसा एच-१बी असेल तर स्थिती तीच राहते. ‘बाळगणे’ या शब्दाचा अर्थही आपल्याला वाटतो तेवढा मर्यादित नाही. बंदूक विकत घेऊन घरी ठेवली तरच ती बाळगली असे कायदा मानत नाही. काही मिनिटे हातात घेऊन चालवणेही त्यात येऊ शकते.

संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचा खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. विद्यापीठाने त्याचे नाव कमी केल्यामुळे त्याचे येथील वास्तव्य बेकायदा ठरले होते, आणि त्यानंतर तो एका शूटिंग रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. त्याला शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने असे ठरवले की आरोपीला आपला निवासी दर्जा ठाऊक होता हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. या निकालाने कोणी निश्चिंत होऊ नये, कारण आपला व्हिसा कोणता आणि तो कधी संपतो हे एच-१बीवाल्या मराठी माणसाइतके पक्के दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

या मनाईला काही अपवाद आहेत. त्यांपैकी नेहमी चर्चेत असतो तो शिकारीच्या परवान्याचा. अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेले आणि मुदत न संपलेले हंटिंग लायसन्स ज्याच्याजवळ आहे, त्याला संघराज्याच्या कायद्यातील ही मनाई लागू होत नाही. अनेक भारतीय या मार्गाने नेमबाजी करतात. तरीही त्या त्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात, आणि परवान्याची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी संरक्षणही संपते. तेव्हा एखाद्या इमिग्रेशन वकिलाला शुल्क देऊन विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. या कलमाखालील शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत असू शकते. शिवाय बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर काढण्याचे कारण होऊ शकते, आणि ते ग्रीन कार्डधारकालाही लागू आहे.

ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती, अन्य कोणती मनाई नसेल तर, संघराज्याच्या कायद्याप्रमाणे नागरिकासारखीच बंदूक विकत घेऊ शकते. परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल किंवा शॉटगन घेण्यासाठी किमान वय १८ आणि पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेण्यासाठी २१ लागते. यावर राज्यांचे कायदे असतात, आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. न्यू जर्सीत, जेथे आपली वस्ती दाट आहे, रायफल घेण्यासाठीही आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते आणि प्रत्येक पिस्तुलासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तसे नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनहून दीड तास गाडी चालवत पेनसिल्व्हेनियातील शोला जाणाऱ्याने आपण कोणत्या राज्याचे रहिवासी आहोत हे सीमेपलीकडेही लक्षात ठेवावे. दुसऱ्या राज्यात पिस्तूल पसंत पडले तरी ते तेथून हातात घेऊन निघता येत नाही. ते आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवले जाते आणि तेथे सर्व सोपस्कार होऊन मिळते.

एवढे वाचून ज्यांना वाटले असेल की व्हिसावर असताना गन शोला जाऊच नये, त्यांनी निराश होऊ नये. तिकीट काढून आत जाणे आणि पाहणे यात बेकायदा काहीही नाही. मी माझा पहिला शो दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहिला, एखाद्या संग्रहालयात शिस्तीत फिरणाऱ्या शाळकरी मुलासारखा. काहीही बिघडले नाही.

निघण्याची तयारी

शो बहुधा शनिवार-रविवारी असतात. प्रवेशशुल्क साधारण १० ते २० डॉलर असते आणि अनेक ठिकाणी ते रोखीनेच घेतात. आतील एटीएमचे शुल्क जास्त असते, म्हणून खिशात वीस-वीसच्या नोटा ठेवाव्यात. ज्याला निवड हवी त्याने शनिवारी सकाळी जावे. ज्याला भाव पाडून घ्यायचा आहे त्याने रविवारी दुपारी जावे, कारण तेव्हा विक्रेत्याला सामान परत गाडीत भरण्याचा कंटाळा आलेला असतो. पायांत चालण्याचे बूट घालावेत, कारण जमीन काँक्रीटची असते आणि मोठ्या शोमध्ये चार-पाच तास सहज जातात. ड्रायव्हिंग लायसन्स जवळ असावेच. खरेदी करायची असल्यास त्यावरचा पत्ता सध्याच्या घराचा असावा, नाहीतर ऐन वेळी कागदपत्रांची शोधाशोध करावी लागते. शाकाहारी माणसाने घरून पोट भरून निघावे. आत बीफ जर्कीच्या टेबलांना तोटा नसतो. आपल्या वाट्याला पॉपकॉर्न आणि प्रेट्झेल येतात.

आयोजकांचे नियम आदल्या दिवशी वाचावेत. भरलेली बंदूक आत नेण्यास बहुतेक शोमध्ये मनाई असते, आणि ही मनाई एरवी कंबरेला पिस्तूल लावून फिरण्याचा अधिकार असलेल्यांनाही लागू असते. स्वतःची बंदूक विकायला किंवा तिला जुळते सामान घ्यायला आणलेल्यांची प्रवेशद्वारापाशी वेगळी रांग असते. तेथे पोलीस किंवा स्वयंसेवक बंदूक रिकामी असल्याची खात्री करतात आणि ती चालवता येऊ नये म्हणून तिच्या यंत्रणेतून प्लास्टिकचा पट्टा ओवून आवळतात. अनेक ठिकाणी छायाचित्रे काढण्यास बंदी असते. बंदी नसली तरी टेबलामागच्या माणसाला विचारल्याशिवाय मोबाइल वर करू नये. आपल्याकडे कोणत्या बंदुका आहेत हे जगाला कळू नये असे अनेकांना मनापासून वाटते, आणि त्यात गैर काही नाही.

आत गेल्यावर

पहिल्या टेबलापाशी रेंगाळू नये. आधी सगळ्या रांगांतून एक फेरी मारावी आणि नंतर मन जेथे अडकले तेथे परत यावे. पहिल्या फेरीतच लक्षात येते की अर्धा बाजार बंदुकांचा नसतोच. सुऱ्या, म्यान, कातडी पट्टे, तेलाच्या बाटल्या, लष्करी कोट, जुनी नाणी, मध, दागिने, सगळे असते. बंदुकांमध्येही तीन प्रकारचे विक्रेते दिसतात : नव्या मालाचे परवानाधारक व्यापारी, जुन्या वस्तूंचे संग्राहक आणि स्वतःची एखादी रायफल खांद्याला लावून रांगांतून फिरणारे खासगी लोक. त्या रायफलीच्या नळीत एक काठी खोचलेली असते आणि काठीला किमतीचा कागद लावलेला असतो. पहिल्यांदा पाहताना हसू येते. पण ही येथील मान्य पद्धत आहे.

टेबलावरच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारावे. बंदुकीतून केबल ओवलेली नसली, विक्रेता पाहत नसला, शेजारचा माणूस बिनदिक्कत उचलत असला, तरी विचारावे. ज्यांना कायद्याने हाताळण्याची मुभा आहे त्यांनी परवानगी मिळाल्यावर बंदूक उचलताच मॅगझिन (काडतुसे भरण्याचा खण) काढलेले आहे आणि कोठीत, म्हणजे नळीच्या मुळाशी, काडतूस नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. विक्रेत्याने ते आपल्यासमोर पाहिले असले तरी पुन्हा पाहावे. यात त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही. उलट असे करणाऱ्याकडे तो आदराने पाहतो. कोठी उघडायची कशी हे ठाऊक नसेल तर तसे सांगावे, तो करून दाखवतो. बोट चापावर न ठेवता त्याच्या वर, बाजूच्या लोखंडावर, सरळ ठेवावे. नळी कोणाच्याही अंगावर रोखली जाणार नाही याची काळजी घ्यावी. गर्दीत हे सर्वांत अवघड जाते, कारण समोर, मागे आणि बाजूला सगळीकडे माणसेच असतात. अशा वेळी नळी छताकडे किंवा टेबलामागच्या रिकाम्या भिंतीकडे ठेवतात.

रिकाम्या बंदुकीचा चाप परवानगीशिवाय ओढू नये. काही जुन्या बंदुकांचा आणि पॉइंट टू-टू (लहान काडतुसाच्या) रायफलींचा, काडतुसावर आदळणारा आतील खिळा त्याने खराब होतो. पाहून झाल्यावर बंदूक जशी होती तशी परत ठेवावी. निळसर काळ्या पॉलिशच्या लोखंडावर घामाच्या बोटांचे ठसे राहिले तर तेथे गंज धरतो, म्हणून जाणकार विक्रेता आपण पाठ वळवताच तेलाच्या फडक्याने ती जागा पुसून घेतो. त्याचा राग मानू नये.

आणखी एक अलिखित नियम. एखादा माणूस हातात बंदूक घेऊन भाव ठरवत असेल, तर ती त्याने खाली ठेवेपर्यंत आपण मध्ये तोंड घालू नये. जास्त पैसे देण्याची तयारी असली तरीही.

ज्यांना हात लावता येत नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर मला त्या पहिल्या शोमध्येच मिळाले. एका वृद्ध संग्राहकाच्या टेबलावर जुन्या ब्रिटिश घडणीची एक रायफल आडवी ठेवली होती. तिचे मॅगझिन मात्र नेहमीपेक्षा चौकोनी होते. दस्त्याचे लाकूड जेथे लोखंडाला मिळते तेथे काहीतरी कोरलेले दिसत होते, म्हणून मी वाकलो. अशोकस्तंभाचे सिंह होते, आणि खाली आर.एफ.आय. ही अक्षरे : रायफल फॅक्टरी, इशापूर. बंगालमध्ये तयार झालेली, ७.६२ मिलिमीटरची, २ए१ नावाची ही रायफल भारतीय सैन्याच्या जुन्या साठ्यातून अमेरिकी बाजारात आलेली होती. अशा परदेशी बंदुकीवर येथील आयातदाराचे नावही बारीक अक्षरांत कोरलेले असते. म्हाताऱ्याने ती माझ्यापुढे केली. मी म्हणालो, माझ्या व्हिसावर मला ती घेता येत नाही, तुम्हीच फिरवून दाखवाल का? त्याने भुवया उंचावल्या, क्षणभर विचार केला, आणि मग दहा मिनिटे ती रायफल माझ्यासमोर चारी बाजूंनी फिरवत राहिला.

शेजारच्या पत्र्याच्या डब्यात पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची सुटी काडतुसे होती. मनाई काडतुसांनाही लागू असल्याने मी तेथेही हात मागेच ठेवले आणि त्यालाच एक उलटे करून दाखवायला सांगितले. त्याने भिंगाखाली धरले. पितळी बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरे होती. ही खूण कोणाची हे त्याला ठाऊक नव्हते. के म्हणजे किरकी, म्हणजे खडकी. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि शिवाजीनगरहून लोकलने निघाले की पुढचेच स्टेशन खडकीचे, हे मी त्याला सांगितले. त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकले.

घ्यायचेच असेल तर

पहिली बंदूक परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गन शोमध्ये सगळे नियम शिथिल असतात हा गैरसमज आहे. व्यापाऱ्याने तेथेही दुकानातल्याइतकीच कागदपत्रे करायची असतात. खरेदीदार ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो. त्यात जन्मस्थान, नागरिकत्व, ग्रीन कार्डवरचा क्रमांक आणि अनेक हो-नाही प्रश्न असतात. गांजासंबंधीचा प्रश्न अनेकांना फसवतो : आपल्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी संघराज्याच्या कायद्याने तो बेकायदाच आहे, असा इशारा त्या अर्जातच छापलेला असतो. उत्तर खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अर्ज भरल्यावर व्यापारी एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेकडे चौकशी करतो. ही पद्धत १९९८ च्या नोव्हेंबरपासून चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येते : पुढे जा, थांबा, किंवा नाही. ‘थांबा’ आले म्हणून घाबरू नये. आपली नावे लांब असतात, वडिलांचे नाव एका कागदावर मधले नाव म्हणून असते तर दुसऱ्यावर गायब असते, आणि त्याच नावाचा दुसरा कोणी यंत्रणेत निघाला तर पडताळणीला वेळ लागतो. म्हणून पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि लायसन्स यांवरचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का ते आधीच पाहून ठेवावे.

खासगी व्यक्तीकडून घेताना अशी चौकशी संघराज्याच्या कायद्याने सक्तीची नाही, पण कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांनी ती सक्तीची केली आहे. सक्ती नसली तरी विक्रेत्याला घेऊन जवळच्या परवानाधारकाच्या टेबलापाशी जावे आणि थोडे शुल्क देऊन व्यवहार त्याच्या वहीतून करावा. बंदूक चोरीची निघाली, तर ती कोणाकडून आली हे दाखवणारा कागद आपल्याकडे राहतो. विक्रेता याला तयार नसेल तर बंदूक कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्या लोकांत ती मदतीच्या भावनेतून घडते. ग्रीन कार्ड असलेल्याने एच-१बीवरच्या मित्रासाठी बंदूक ‘आपल्या नावावर’ घेणे हा गंभीर गुन्हा आहे. अर्जात खरा खरेदीदार तुम्हीच का, असा प्रश्न असतो. एका माजी पोलिसाने आपल्या काकांसाठी, त्यांच्याच पैशांनी, पिस्तूल घेतले होते. काकांना स्वतःला बंदूक घेण्याची कोणतीही मनाई नव्हती. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुतण्याची शिक्षा कायम ठेवली. ज्याला मनाई आहे अशा मित्रासाठी घेतल्यास प्रकरण किती वाढेल, हे वेगळे सांगायला नको.

भाव करताना मोबाइलवर नव्या मालाची किंमत पाहून घ्यावी. शोमधील नवी बंदूक दुकानापेक्षा स्वस्त असतेच असे नाही. काडतुसांचा भाव खोक्याचा न पाहता नगाचा काढावा, कारण खोकी २०, ५० आणि १,००० अशी वेगवेगळी असतात. कोणी घरी भरलेली काडतुसे प्लास्टिकच्या पिशवीत विकत असेल तर ती घेऊ नयेत. त्यात दारू किती भरली आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते. जुन्या लष्करी काडतुसांमध्ये कित्येकदा नळी गंजवणारे क्षार असतात, त्यामुळे ती वापरल्यावर नळी लगेच धुवावी लागते.

न आवडणारे काही

काही टेबलांवर दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बिल्ले, पट्टे, झेंडे मांडलेले असतात. ते पाहून धक्का बसतो. ते मांडणाऱ्यांपैकी बरेचसे अमेरिकी सैनिकांनी युद्धातून आणलेल्या वस्तूंचे संग्राहक असतात. सगळेच तसे असतात असे मी म्हणणार नाही. त्या टेबलापाशी न थांबणे सोपे आहे. गळ्यात सोन्याचे स्वस्तिक घालण्याची सवय असेल तर त्या दिवशी ते सदऱ्याच्या आत ठेवावे, कारण त्या जागी आपल्या स्वस्तिकाचा अर्थ समजावून सांगण्यात सकाळ जाईल. राजकीय घोषणांचे टी-शर्टही भरपूर दिसतात. मी वाद घालत नाही. बंदुकीविषयी साधा प्रश्न विचारला की तोच माणूस अर्धा तास प्रेमाने माहिती देतो, असा माझा अनुभव आहे.

परत येताना

खरेदी केली असेल तर बंदूक रिकामी करून, कुलूपबंद पेटीत, डिकीत ठेवावी आणि काडतुसे वेगळी ठेवावीत. राज्याची सीमा ओलांडायची असेल तर पलीकडचा कायदा आधी वाचावा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनी दहापेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर बंदी आणली आहे, आणि टेबलापलीकडचा विक्रेता ते सांगेलच असे नाही.

शेवटची सूचना भारतात जाणाऱ्यांसाठी. शोमध्ये काडतुसाची किल्लीसाखळी, रिकामे पितळी कवच, नकली हातबॉम्ब अशा वस्तू पाच-दहा डॉलरला मिळतात आणि भाच्यासाठी घ्याव्याशा वाटतात. त्या विमानात नेऊ नयेत. अंधारात पाहण्याच्या दुर्बिणी तर अमेरिकेच्या निर्यात-नियमांखाली येतात. भारतातील विमानतळावर सामानात एक जिवंत काडतूस सापडले तरी १९५९ च्या आर्म्स अॅक्टखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ‘पिशवीत राहून गेले होते’ हे सांगायला पोलीस ठाण्यात आणि नंतर कोर्टात उभे राहावे लागते. बहुतेकदा ते खरोखरच राहून गेलेले असते, कारण रेंजवर आणि शोला नेलेली पाठपिशवीच पुढे प्रवासाला वापरली जाते. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून मी या कामासाठी एक वेगळी पिशवी ठेवली आहे. तिच्या चेनला लाल दोरा बांधला आहे, आणि पुण्याला जाण्याची तयारी सुरू झाली की ती पिशवी गॅरेजमधल्या कपाटात कुलूप लावून ठेवली जाते.